कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तोल कसा सांभाळावा आणि परत कसा मिळवावा: कंबरदुखीच्या रुग्णांसाठी मार्गदर्शक

कंबरदुखीसाठी कण्याची शस्त्रक्रिया ठरली की रुग्ण आणि घरची माणसे साधारणपणे दोनच प्रश्न विचारतात: दुखणे थांबेल का, आणि कामावर कधी जाता येईल? मीही तेच विचारले होते. तोलाबद्दल सहसा कोणी विचारत नाही आणि रुग्णालयाच्या धावपळीत तो विषय आपणहून निघेलच असे नाही. मग घरी आल्यावर लक्षात येते की पायातली कळ गेली आहे, पण जिना उतरताना कठड्यावरचा हात सुटत नाही, अंधारात पाऊल चाचपडते आणि कोणी अचानक हाक मारली तर वळताना अंग डगमगते.

याचे कारण असे की वेदना आणि तोल यांची सुधारणा एकाच वेगाने होत नाही. शस्त्रक्रिया नसेवरचा दाब काढते किंवा सैल झालेले मणके जखडते आणि त्याचा परिणाम वेदनेवर लवकर दिसू शकतो. तोल सावरण्याचे काम मात्र स्नायू, नसा आणि मेंदू मिळून करतात आणि ते सरावानेच परत बसते. पुढील टप्पे त्या सरावासाठी आणि त्याआधीच्या तयारीसाठी आहेत. तुमच्या शस्त्रक्रियेचे बारकावे तुमच्या सर्जनलाच माहीत असल्यामुळे त्यांची सूचना आणि येथील मजकूर यांत फरक आढळल्यास त्यांची सूचना पाळावी.

१. तोल आधीपासून का बिघडलेला असतो, हे समजून घ्या

उभे असताना शरीर कधीही पूर्ण स्थिर नसते. ते सतत किंचित झुलत असते आणि मेंदू ते झुलणे सावरत असतो. त्यासाठी त्याला तीन ठिकाणांहून माहिती मिळते: डोळ्यांकडून, कानाच्या आतील तोलेंद्रियाकडून, आणि स्नायू, सांधे व तळपाय यांच्याकडून. कंबरदुखीत यांपैकी तिसरी वाट बिघडते. कण्याला अगदी लागून मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू असतो. तो एका मणक्याला जवळच्या मणक्यांशी धरून ठेवतो आणि कंबर नेमकी कोणत्या स्थितीत आहे याची खबर मेंदूला देतो. दुखणे दीर्घकाळ टिकले की हा स्नायू बारीक होतो, त्यात चरबी साठते (एमआरआयमध्ये ती दिसते) आणि धक्का बसल्यावर तो उशिरा आकसतो. मग शरीर तडजोड करते: पाठ ताठ धरायची आणि तोलाचा बहुतेक भार घोट्यांवर टाकायचा. सपाट जमिनीवर ही तडजोड खपून जाते. वाळू, उतार किंवा मऊ गादी आली की मात्र ती उघडी पडते.

शरीराला खालून मिळणारी माहिती अपुरी पडली की माणूस नकळत डोळ्यांवर विसंबतो. तोंड धुताना डोळे मिटताच बेसिनचा आधार घ्यावासा वाटणे ही त्याची अगदी साधी खूण आहे. डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभे करतात ती रॉम्बर्ग चाचणीही हेच पाहते.

नस दबली असेल तर यात आणखी भर पडते. कमरेच्या पाचव्या नसेवर दाब असल्यास पाऊल वर उचलणारे स्नायू कमजोर होतात आणि चालताना चवडा जमिनीला अडकतो. त्याखालच्या, म्हणजे पहिल्या त्रिकास्थी (कमरेखालचे, कण्याच्या तळाशी असलेले हाड) नसेवर दाब असल्यास टाच उचलणे जड जाते. कण्याची नलिका, म्हणजे ज्या पोकळीतून नसा जातात ती, अरुंद झालेले रुग्ण पुढे वाकून, पाय फाकवून चालतात, कारण पुढे वाकल्याने नलिकेत थोडी जागा होते आणि पायांना आराम मिळतो. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली ही चाल नलिका मोकळी केल्यावरही लगेच सुटत नाही, याची कल्पना आधीच असलेली बरी.

२. आपल्या शस्त्रक्रियेचा तोलावर काय परिणाम होईल, ते नेमके विचारा

‘मणक्याचे ऑपरेशन’ या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि तोलावर त्यांचे होणारे परिणामही वेगळे असतात.

दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचा (डिस्कचा) तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेत कण्याची रचना फारशी बदलत नाही. वेदनेमुळे एका बाजूला झुकलेले शरीर सरळ होऊ लागते आणि उभे राहतानाचे झुलणे सहसा कमी होते. नलिका मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेत मणक्याच्या मागील बाजूचा काही भाग काढला जातो. त्यानंतर चालण्याचे अंतर वाढते, परंतु तळपायातील बधिरपणा बराच काळ दबून राहिलेल्या नसेमुळे असेल तर तो हळूहळू जातो आणि काहींच्या बाबतीत पूर्णपणे जात नाही. पायाची जाणीव अपुरी राहिली तर तोलही तितकाच अपुरा राहतो.

मणके जखडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्क्रू आणि सळ्या बसवून दोन किंवा अधिक मणके एकत्र जोडणे, हा सर्वांत वेगळा प्रकार आहे. जोडलेल्या भागाची हालचाल कायमची थांबते आणि ते काम शेजारचे मणके व खुब्याचे सांधे यांना वाटून घ्यावे लागते. एक-दोन जागा जोडल्या तर रोजच्या जीवनात फारसा फरक जाणवत नाही. कण्याचा मोठा भाग ओटीपोटाच्या हाडापर्यंत जोडला असेल, तर मात्र वाकून स्वतःची पावले पाहणे किंवा मोजे घालणे यांसारख्या गोष्टी अवघड होतात आणि अडखळल्यावर कमरेतून झटकन सावरण्याची सोयच राहत नाही. अशा रुग्णाने खुबे, गुडघे आणि घोटे यांच्या ताकदीवर दुप्पट लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

जोडलेल्या कण्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा असतो. कमरेला नैसर्गिक खोलगट बाक असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकडा कणा सरळ करण्यासाठी हॅरिंग्टन सळ्या सर्रास वापरल्या जात. त्यांनी बाजूचे वाकडेपण कमी केले, पण सळी कमरेच्या खालच्या भागापर्यंत नेलेल्या अनेक रुग्णांच्या कमरेचा हा बाकही सपाट झाला. पुढे ते रुग्ण पुढे झुकू लागले आणि सरळ उभे राहण्यासाठी गुडघे वाकवू लागले. या अनुभवातून शिकून आज सर्जन बाजूने काढलेला, उभ्या स्थितीतला पूर्ण कण्याचा एक्स-रे पाहतात. मानेच्या सातव्या मणक्यापासून सोडलेली लंबरेषा त्रिकास्थीच्या वरच्या मागील कोपऱ्याच्या ५ सेंटिमीटरहून अधिक पुढे पडत असेल, तर शरीर पुढे ढळलेले मानले जाते. फ्रेंच सर्जन ज्याँ दुबुसे यांनी हीच कल्पना एका शंकूने मांडली: पायाशी टोक असलेल्या, भोवऱ्याच्या आकाराच्या एका अरुंद शंकूत शरीर राहिले, तर उभे राहायला कमी श्रम लागतात. शरीर त्या शंकूच्या कडेला गेले की नुसते उभे राहण्यातच माणूस थकतो.

आता स्नायूंविषयी. पाठीमागून मोठा छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेत मल्टिफिडस हाडापासून सोडवून बाजूला ओढून धरावा लागतो आणि त्यामुळे त्याच्या रक्तपुरवठ्याला व बारीक नसांना इजा होऊ शकते. लहान छेदाच्या पद्धतीत हे नुकसान कमी होते. मात्र लहान छेद म्हणजे स्नायू शाबूत, असे गृहीत धरू नका, कारण आधीच्या दुखण्यात सुकलेला स्नायू कोणत्याही छेदाने भरून येत नाही.

म्हणून सर्जनला हे स्पष्ट विचारा: किती मणके जोडणार आहात? कमरेचा बाक टिकेल का? पायाची जी ताकद किंवा संवेदना आज कमी आहे, तिच्यापैकी किती परत येण्याची शक्यता आहे? तोलाचा सराव कोणत्या आठवड्यापासून करता येईल?

३. शस्त्रक्रियेपूर्वीच तोलाची मोजणी करून ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर ‘आधी बरा होतो की आता’ या प्रश्नाचे उत्तर केवळ आठवणीवर सोडावे लागते. मोजणी सोपी आहे. शक्यतो ती फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. घरी करायची असेल तर एक सक्षम माणूस हाताच्या अंतरावर उभा असलाच पाहिजे.

पहिली मोजणी अशी: खुर्चीतून उठावे, ३ मीटर चालावे, वळून परत यावे आणि बसावे. नेहमीच्या चालीने याला किती सेकंद लागतात ते लिहावे. वयस्क व्यक्तीला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असे धरतात.

दुसरी मोजणी उभे राहण्याची आहे. आधी पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धे पुढे ठेवून, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून आणि शेवटी एका पायावर, अशा चार स्थितींत प्रत्येकी १० सेकंद उभे राहून पाहावे. वयस्क व्यक्तीला तिसरी स्थिती १० सेकंद टिकवता आली नाही, तर तोल कच्चा आहे. वेदनेमुळे एखादी चाचणी करता आली नाही तर तसेच लिहा, कारण तीही एक नोंदच आहे. तारीख, कोणती पादत्राणे होती आणि कोणते औषध घेतलेले होते हेही सोबत लिहा.

४. कागदपत्रे आणि साधने जमवा

एका फाइलमध्ये हे ठेवा:

- एमआरआय व एक्स-रेच्या प्रती आणि त्यांचे अहवाल
- शस्त्रक्रियेचा तपशील असलेला कागद, ज्यात जोडलेल्या मणक्यांची आणि बसवलेल्या स्क्रू-सळ्यांची नोंद असते
- डिस्चार्ज कार्ड आणि त्यातील निर्बंध
- रोजच्या सर्व औषधांची मात्रेसह यादी, यात रक्तदाब, मधुमेह आणि झोपेच्या गोळ्याही आल्या
- तिसऱ्या टप्प्यातील मोजण्या
- पूर्वी पडला असाल तर केव्हा, कुठे आणि कसे

साधनांमध्ये वॉकर किंवा काठी, टाच मागून बंद असलेली व न घसरणारी पादत्राणे, न्हाणीघरात धरण्यासाठी भिंतीत पक्क्या बसवलेल्या दांड्या, शौचालयाची बैठक उंच करण्याची सोय, रात्रीचा मंद दिवा आणि खाली पडलेली वस्तू उचलण्याचा लांब चिमटा एवढे पुरते. टॉवेलच्या दांडीला आधार समजू नका, ती माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते. सुट्या चटया आणि पायात येणाऱ्या वायरी शस्त्रक्रियेच्या आधीच हलवून घ्या.

५. पहिले दिवस: उठण्याची पद्धत आणि चक्कर

अंथरुणातून उठताना गुडघे वाकवून संपूर्ण शरीर एकसंध कुशीवर वळवावे, पाय खाली सोडतानाच हाताच्या रेट्याने धड वर आणावे आणि कमरेला पीळ पडू देऊ नये. बसल्यावर लगेच उभे राहू नका. एक-दोन मिनिटे काठावर बसा, घोटे वर-खाली हलवा आणि डोके स्वच्छ आहे याची खात्री झाल्यावरच उठा.

या काळातली डगमग कण्यामुळेच असते असे नाही. रक्तस्राव, कमी खाणेपिणे आणि अंथरुणातला मुक्काम यांमुळे उभे राहताच रक्तदाब घसरू शकतो. उभे राहिल्यापासून ३ मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो घसरलेला मानतात. म्हणून चक्कर येत असेल तर रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही प्रकारे मोजण्याची विनंती करा. दुसरे कारण औषधे हे असते. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, स्नायू सैल करणारी औषधे आणि झोपेच्या गोळ्या या सर्वांनी गुंगी येते आणि दोन-तीन एकत्र आल्या की ती वाढते. येथे एक मोठा सापळा आहे: चक्कर येते म्हणून गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन आपल्या मनाने एकदम बंद करू नका. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करायची असतात.

तिसरे कारण आतल्या कानात असते. कुशीवर वळताच काही सेकंद खोली गरगर फिरते आणि थांबते, अशी तक्रार असेल तर ती तशीच्या तशी सांगा. ही चक्कर वेगळी असते आणि तिचा उपाय डोक्याच्या विशिष्ट हालचालींनी होतो. मात्र त्या हालचालींत मान आणि धड झपकन वळवावे लागत असल्याने सर्जनला विचारल्याशिवाय त्या करू देऊ नका.

६. काठी, वॉकर आणि पट्टा

काठीची मूठ, हात सैल सोडला असता मनगटाच्या रेषेपाशी यावी. काठी कमजोर पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची असते. हे अनेकांना उलटे वाटते, पण त्यामुळेच कमजोर पायावरचा भार कमी होतो. जिना चढताना बळकट पाय आधी वर ठेवा आणि उतरताना कमजोर पाय आधी खाली टाका. चवडा अडकत असेल तर नुसत्या काठीवर भागवू नका, पाऊल उचलून धरणाऱ्या स्प्लिंटबद्दल विचारा.

कमरेचा पट्टा सांगितला असेल तर सांगितलेल्या मुदतीपर्यंतच वापरावा. तो बांधला की बरे वाटते आणि म्हणूनच सोडवत नाही, पण स्थैर्याचे काम शेवटी स्नायूंनीच करायचे आहे.

७. तोलाचा सराव पायरीने वाढवा

चालणे बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि सुरुवातीला तोच सराव असतो. लांबच्या एका फेरीपेक्षा दिवसभरातल्या छोट्या फेऱ्या बऱ्या, कारण थकलेला स्नायू तोल शिकत नाही. वाकणे, वजन उचलणे आणि कमरेला पीळ देणे हे निर्बंध उठेपर्यंत वर्ज्य आहे.

पुढील सराव परवानगी मिळाल्यावरच सुरू करावा. जागा म्हणून भिंतींचा कोपरा निवडा. पाठ कोपऱ्याकडे आणि समोर जड खुर्ची असली की कोणत्याही बाजूला कललात तरी आधार हाताशी राहतो.

(अ) पाय खांद्याएवढ्या अंतरावर ठेवून भार सावकाश डावीकडून उजवीकडे आणि पुढून मागे न्यावा. भार टाचेवर आहे की चवड्यावर, हे डोळ्यांनी न पाहता ओळखण्याचा प्रयत्न करावा. सर्वांत कंटाळवाणा आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी सराव हाच आहे, कारण बिघडलेली जाणीव येथेच परत घडते.

(आ) श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यावे आणि तसेच ठेवून सहज श्वास घेत राहावे. जोर लावून पोट कडक करणे किंवा श्वास रोखणे म्हणजे जुना ताठरपणा पुन्हा आणणे होय.

(इ) खुर्ची धरून टाचा उचलाव्यात, नंतर चवडे उचलावेत. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठण्याचा प्रयत्न करावा आणि त्यात कमरेऐवजी खुब्यातून पुढे झुकावे.

(ई) पाय जुळवून, मग एकापुढे एक ठेवून उभे राहावे. हे जमले की डोके सावकाश डावी-उजवीकडे वळवावे.

(उ) मऊ पृष्ठभाग आणि मिटलेले डोळे या दोन गोष्टी सर्वांत शेवटी आणि आधी वेगवेगळ्या कराव्यात. डोळे मिटून सराव करताना जवळ कोणीतरी असावेच.

(ऊ) शेवटी चालताना बोलणे, उलटी गणती करणे किंवा हातात हलकी वस्तू नेणे. रस्त्यावर माणूस केवळ चालत नसतो, त्याचे लक्ष दहा ठिकाणी असते आणि तोल सुटतो तो तिथेच.

पायरी केव्हा बदलावी याची कसोटी एकच ठेवा: आधीची स्थिती हात न लावता, श्वास न रोखता टिकली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पायातली कळ वाढली किंवा बधिरपणा पसरला तर एक पायरी मागे या आणि फिजिओथेरपिस्टला कळवा. मणके जोडले असतील तर हाड पक्के होण्यास ६ महिने ते वर्षभरही लागू शकते. तोवर एक्स-रे पाहून सर्जनने होकार दिल्याशिवाय पीळ देणारे किंवा उड्यांचे व्यायाम करू नयेत.

८. फसवणाऱ्या गोष्टी

सर्वांत धोक्याचा काळ वेदनेचा नसतो, वेदना जाते तो असतो. दुखत असताना माणूस जपून चालतो. दुखणे थांबले की चाल जुन्या वेगावर येते, पण सावरण्याची क्षमता अजून मागेच असते. याउलट काही जणांना पडण्याची भीती इतकी बसते की ते पाठ काठीसारखी ताठ धरून, छोटी पावले टाकत चालतात आणि त्या ताठरपणामुळेच धक्का पचवू शकत नाहीत. ही भीती लाजिरवाणी नाही, ती फिजिओथेरपिस्टला सांगितली तर सरावाची पायरी त्याप्रमाणे बदलता येते.

दुसरी फसगत म्हणजे प्रत्येक डगमगीचे खापर कमरेवर फोडणे. मधुमेहामुळे तळपायाच्या नसा बोथट होतात, जीवनसत्त्व बी १२ च्या कमतरतेनेही पायांची जाणीव जाते आणि या दोन्ही गोष्टी कण्याच्या शस्त्रक्रियेने सुधारत नाहीत. याहून महत्त्वाचे म्हणजे मान. काही रुग्णांत कमरेबरोबर मानेतही नलिका अरुंद झालेली असते आणि तिथे थेट मज्जारज्जूवर दाब येतो. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, अक्षर बदलणे, हातातून वस्तू निसटणे आणि पाय लाकडासारखे कडक वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. कमरेची शस्त्रक्रिया उत्तम होऊनही चाल सुधारत नसेल तर मानेची तपासणी झाली आहे का, हे आवर्जून विचारावे.

वाहन चालवण्याची घाईही अनेकांना नडते. गुंगी आणणारी औषधे सुरू असताना किंवा ब्रेकवरचा पाय झटकन हलत नसताना स्टिअरिंग हाती घेऊ नये.

९. ही लक्षणे दिसल्यास वाट पाहू नका

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे किंवा पायाची ताकद झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, आपत्कालीन विभागात जावे. पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे यालाही तोच नियम लागू आहे. जखमेतून स्राव येत असेल, ताप असेल, किंवा बसल्यावर-उभे राहिल्यावर डोके ठणकते आणि आडवे होताच थांबते असे होत असेल, तर सर्जनला त्वरित कळवा. या शेवटच्या लक्षणामागे मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला पडलेले छिद्र असू शकते. पडलात, तर दुखत नसले तरी सांगा. स्क्रू-सळ्या असतील तर एक्स-रे लागू शकतो.

१०. पुढील भेटींत काय न्यावे

प्रत्येक भेटीपूर्वी तिसऱ्या टप्प्यातील मोजण्या पुन्हा करा आणि आधीच्या आकड्यांच्या शेजारी लिहा. ‘बरे वाटते’ या वाक्यापेक्षा ‘उठून चालून बसायला १६ ऐवजी ११ सेकंद लागतात, पण डाव्या पायावर अजून उभे राहता येत नाही’ असे सांगितले, तर डॉक्टरांना पुढचा निर्णय घेता येतो. मणके जोडले असतील तर उभ्या स्थितीतला बाजूचा एक्स-रे आधीच्या एक्स-रेशी ताडून पाहण्याची विनंती करा. आणि पुढे काही वर्षांनी उभे राहताना शरीर पुन्हा पुढे झुकू लागले, गुडघे आपोआप वाकू लागले किंवा भाजी चिरण्याएवढा वेळ उभे राहिले तरी पाठ थकू लागली, तर ते वयावर ढकलू नका. जोडलेल्या भागाच्या शेजारचा मणका झिजला आहे का किंवा कण्याचा बाक बदलला आहे का, हे तपासून घेण्यासाठी जुनी फाइल घेऊन जा.